आयोवा हॉकआइज : नवे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर टिम लेस्टर यांच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची?

काळा_सोनेरी | ५ फेब्रुवारी २०२४

आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे, म्हणजे हॉकआइजचे, नवे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ओसी, म्हणजे चढाईच्या बाजूचे, ऑफेन्सचे, कोच) म्हणून टिम लेस्टर यांचं नाव अखेर अधिकृतपणे जाहीर झालं, म्हणून हा धागा. कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून मुख्य कोच आहेत आणि इतक्या वर्षांत लेस्टर हे त्यांचे फक्त चौथे ओसी. आधी केन ओ'कीफ, मग ग्रेग डेव्हिस, मग २०१७ पासून कर्क यांचे चिरंजीव ब्रायन. म्हणजे हा बदल दर दोन वर्षांनी होणारा नाही. म्हणूनच अपेक्षा नीट ठरवायला हव्यात.

मागचा हिशेब आधी मांडतो. २०२३ मध्ये आपण १४ सामन्यांत २१६ गुण केले, म्हणजे सरासरी १५.४. दिले २०७, म्हणजे १४.८. आणि एवढ्यावर १० सामने जिंकलो! हे श्रेय कोच फिल पार्करच्या डिफेन्सचं (बचावफळीचं) आणि पंटर (ऑफेन्स अडला की चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देणारा) टोरी टेलरचं. टेलरने ९३ पंट मारले, ४,४७९ यार्ड, एका हंगामातला एनसीएए (महाविद्यालयीन क्रीडा संघटना) विक्रम. पंटरला ९३ वेळा मैदानात यावं लागतं यातच ऑफेन्सचं प्रगतिपुस्तक आलं. एकूण यार्डांत आपण देशात सर्वांत शेवटी होतो. पेन स्टेटकडून ३१-०, बिग टेन (आपली लीग) फायनलमध्ये मिशिगनकडून २६-०, सिट्रस बोलमध्ये (हंगामानंतरचा सामना) टेनेसीकडून ३५-०. चांगल्या संघासमोर तीनदा भोपळा.

सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतंय : "२५ गुणांची सरासरी आणा." मला ही मोजपट्टीच चुकीची वाटते. बाकीच्यांचं मत वाचायला आवडेल.

---

नवखी_प्रेक्षक | ५ फेब्रुवारी २०२४

एक मूलभूत प्रश्न. ओसी नक्की काय काय करतो? आणि हा २५ चा आकडा आला कुठून?

---

झोन_ब्लॉक | ६ फेब्रुवारी २०२४

@नवखी_प्रेक्षक, ओसीची कामं तीन. एक, प्लेबुक : कोणत्या रचना, कोणते रन, कोणते पास, आणि त्यांना नावं काय द्यायची. दोन, आठवड्याचा गेम प्लॅन : समोरच्या डिफेन्सचे व्हिडिओ बघून त्यातले कोणते प्ले (आखलेल्या चाली) वापरायचे ते निवडणं. तीन, सामन्यात प्रत्येक डाऊनला (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) कॉल देणं. प्ले क्लॉक ४० सेकंदांचा असतो. त्यात कॉल पोचायचा, खेळाडूंनी जागा घ्यायच्या, क्वार्टरबॅकने (प्ले चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) डिफेन्स वाचायचा. कॉल दहा सेकंद उशिरा आला की क्वार्टरबॅकची वाचायची वेळ गेली.

२५ चा आकडा ब्रायन फेरेन्ट्झ यांच्या करारातला. २०२२ मध्ये सरासरी १७.७ होती. त्यानंतर पगार कमी करून साडेआठ लाख डॉलरवर आणला आणि करारात अट घातली : २०२३ मध्ये सामन्यामागे २५ गुण आणि किमान ७ विजय. १३ सामन्यांना ३२५ गुण. त्यात डिफेन्सने आणि स्पेशल टीम्सने (पंट, किक खेळणाऱ्या तुकड्या) केलेले गुणही धरायचे होते. म्हणजे ओसीची परीक्षा, पण पेपर तिघांनी मिळून सोडवायचा. ऑक्टोबरच्या शेवटी हंगामी ॲथलेटिक डायरेक्टर बेथ गोट्झ यांनी जाहीर केलं की हंगामानंतर ब्रायन नसतील. तेव्हा संघ ६-२ होता.

काळा_सोनेरी यांच्याशी सहमत. ती मोजपट्टी वाईटच होती. समजा एका सामन्यात पिक-सिक्स (डिफेन्सने समोरच्याचा पास पकडून केलेला टचडाऊन) आणि पंट रिटर्नचा (आलेला पंट पकडून धावत जाऊन केलेला) टचडाऊन मिळाला. १४ गुण ऑफेन्सने काही न करता झाले. उलट चांगला ऑफेन्स आठ-आठ मिनिटांचे ड्राइव्ह (चेंडू मिळाल्यापासून जाईपर्यंतचा खेळ) खेळला तर सामन्यात ड्राइव्हच कमी होतात आणि सरासरी खाली येते. बघायचंच असेल तर ड्राइव्हमागे गुण बघा, आणि त्यात फक्त ऑफेन्सचे धरा. सामन्यात साधारण १२ ड्राइव्ह मिळतात. ड्राइव्हमागे २ गुण निघाले तर २४ झाले, आणि पार्करच्या डिफेन्सला तेवढे भरपूर आहेत.

---

चौथा_डाऊन | ६ फेब्रुवारी २०२४

मी जरा कडक बोलतो. लेस्टर यांची निवड मला सुरक्षित वाटते, आणि सुरक्षित निवडीनेच आपण इथवर आलोय. वेस्टर्न मिशिगनला २०१७ ते २०२२ मुख्य कोच, ३७ विजय, ३२ पराभव. शेवटचं वर्ष ५-७ आणि मग नारळ. गेल्या वर्षी व्यावसायिक संघ ग्रीन बे पॅकर्समध्ये सीनियर ॲनालिस्ट. देशातला सर्वांत वाईट ऑफेन्स सुधारायला हाच माणूस का?

दुसरं, कर्क फेरेन्ट्झ बदलणार नसतील तर ओसी बदलून काय फरक पडणार? आघाडीवर असताना चौथ्या डाऊनला एक यार्ड हवा असेल तरी पंट मारायचा हा निर्णय ओसीचा नसतो.

---

झोन_ब्लॉक | ७ फेब्रुवारी २०२४

दुसरा मुद्दा मान्य. पहिला पूर्ण मान्य नाही.

२०२१ ची वेस्टर्न मिशिगन बघा. पिट्सबर्गमध्ये जाऊन पिटला ४४-४१ हरवलं. क्वार्टरबॅक केलेब एल्बी, रिसीव्हर (पास पकडणारा) स्काय मूर. त्याच मोसमात पिट एसीसी लीगचा विजेता ठरला. म्हणजे खेळाडू असले की हा माणूस गुण काढतो. २०२२ मध्ये एल्बी आणि मूर दोघंही गेले आणि ऑफेन्स ढासळला. तो डागही मोजाच, कारण क्वार्टरबॅक घडवता आला पाहिजे. लेस्टर स्वतः वेस्टर्न मिशिगनचे क्वार्टरबॅक होते, ११ हजारांहून जास्त यार्डांचे पास. निदान क्वार्टरबॅकचं काम त्यांना ओळखीचं आहे.

माझ्या मते खरं कारण ग्रीन बे आहे. तिथले मुख्य कोच मॅट लाफ्लर यांचा ऑफेन्स शॅनहान (कोच पिता-पुत्र) घराण्यातला. पाया आउटसाइड झोन, त्यावर मोशन (प्ले सुरू होताना एकाने आडवं धावणं), त्यावर प्ले ॲक्शन (रनचं सोंग करून पास). कर्क फेरेन्ट्झ पंचवीस वर्षं आउटसाइड झोनच शिकवतात. पाया तोच, आपल्याकडे वरचे दोन मजले नव्हते. लेस्टर यांना लाइनमनची (पुढच्या रांगेत ब्लॉक करणाऱ्या पाच जणांची) पावलं बदलायची गरज नाही. जॉर्ज बार्नेट लाइन शिकवतायत, पाचही स्टार्टर परत येतायत.

---

नवखी_प्रेक्षक | ७ फेब्रुवारी २०२४

आउटसाइड झोन जरा फोड करून सांगाल का? टीव्हीवर सगळे एका बाजूला धावताना दिसतात, पुढचं कळत नाही.

---

झोन_ब्लॉक | ८ फेब्रुवारी २०२४

समजा रन उजवीकडे आहे. पाचही लाइनमन पहिलं पाऊल उजवीकडे टाकतात, पुढे नाही. प्रत्येकाचं लक्ष्य समोरच्या डिफेंडरचा बाहेरचा खांदा. तो खांदा मिळाला तर डिफेंडरला आत कोंडायचं. नाही मिळाला तर त्याला तसाच साइडलाइनकडे ढकलत न्यायचं. माणूस ठरलेला नसतो, पट्टा ठरलेला असतो. म्हणून झोन.

रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) टाइट एन्डच्या (लाइनच्या टोकाला, ब्लॉकही करणारा आणि पासही पकडणारा) बाहेरच्या अंगाला लक्ष्य धरून निघतो. डोळे आधी कडेच्या डिफेन्सिव्ह एन्डवर. तो आत कोंडला गेला असेल तर बाहेरून जायचं. तो बाहेर धावत असेल तर नजर त्याच्या आतल्या माणसावर, आणि तिथे फट दिसली की पाय रोवून सरळ वर. सगळेच बाहेर वाहत गेले असतील तर मागच्या बाजूला कापायचं. एकच कट. दोन केले की मागून पकडला जातो.

बिघडतं कुठे? जवळजवळ नेहमी मागच्या बाजूला. रन उजवीकडे असताना डाव्या गार्डने आणि टॅकलने (दोघंही लाइनमन) आपल्या आतल्या डिफेंडरच्या पुढे डोकं घालून त्याची वाट अडवायची असते. ते अर्ध्या पावलाने चुकलं की तो डिफेंडर मागून येऊन दोन यार्डांवर पाडतो. २०२३ मध्ये असं सारखं झालं, पण त्यात लाइनचा दोष निम्माच.

उरलेला निम्मा आकड्यांचा. पाच लाइनमन आणि दोन टाइट एन्ड मिळून सात ब्लॉकर. पासची भीती नसली की डिफेन्स आठवा, कधी नववा माणूस बॉक्समध्ये (लाइनच्या जवळ) आणतो. त्याला अडवायला कोणी उरतच नाही. सातही जणांनी अचूक काम केलं तरी रन दोन यार्डांवर थांबतो. मग तिसरा डाऊन, आठ यार्ड बाकी, आणि टोरी टेलर हेल्मेट घालतो.

---

मध्यपश्चिम | ८ फेब्रुवारी २०२४

सुंदर लिहिलंय. त्यात भर. आठवा माणूस काढण्याचे तीन रस्ते.

१. लांब पास टाकून दाखवायचा. त्याला क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर हवेत. तूर्त दोन्हींची वानवा आहे. आपला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरमध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध गुडघ्याचं एसीएल (अस्थिबंध) फाटून गेला. बदली आलेल्या डीकन हिलचे निम्मे पाससुद्धा पूर्ण झाले नाहीत.

२. क्वार्टरबॅकला धावायला लावायचं. तो धावणारा झाला की ब्लॉकिंगचं गणित एकाने सुधारतं. एसीएलनंतर मॅकनमाराकडून ही अपेक्षा धरू नये.

३. मोशन. हा स्वस्त उपाय आहे आणि आपण तो फारच कमी वापरला. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) क्षणी रिसीव्हर वेगाने आडवा धावत असेल तर लाइनबॅकरला (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतल्याला) एक पाऊल तरी सरकावं लागतं. आउटसाइड झोनला तेवढं एक पाऊल पुरतं. शिवाय रिसीव्हरच्या मागे डिफेंडर धावत आला तर मॅन कव्हरेज (एकाला एक), सगळे जागच्या जागी सरकले तर बहुतेक झोन कव्हरेज (जागा वाटून). क्वार्टरबॅकला आयती माहिती.

लेस्टर यांच्याकडून माझी पहिली मागणी हीच. किती गुण झाले ते नंतर बघू. पहिल्या सामन्यात स्नॅपच्या वेळी मोशन किती प्लेना आहे ते मोजा.

---

चौथा_डाऊन | ९ फेब्रुवारी २०२४

मोशन फुकट येत नाही. वेळ चुकली की इलिगल मोशन, पाच यार्ड दंड. स्नॅपच्या वेळी एकच जण हलता चालतो आणि तोही पुढे सरकता कामा नये. बाकीच्यांनी पूर्ण एक सेकंद स्तब्ध राहायला हवं. वसंतातले सराव फक्त १५, आणि हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा. व्यावसायिक संघात हे खेळाडू दिवसभर बसून शिकतात, इथे पोरांना वर्गही असतात. पॅकर्सच्या प्लेची नावं लांबलचक असतात. ती तशीच उचलून आणली तर सप्टेंबरमध्ये प्रत्येक सामन्यात टाइमआउट वाया जातील.

---

मध्यपश्चिम | ९ फेब्रुवारी २०२४

बरोबर, आणि म्हणूनच प्लेबुक छोटं ठेवावं. चार-पाच रन, पण प्रत्येक रन पाच-सहा वेगवेगळ्या रचनांतून. लाइनला तेच काम, डिफेन्सला दरवेळी नवं चित्र. प्ले दुप्पट करण्यापेक्षा हे पोरांना लवकर जमतं.

---

बूटलेग | ११ फेब्रुवारी २०२४

पासबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आउटसाइड झोनचा जोडीदार म्हणजे बूटलेग. डावीकडे रनचं सोंग, सगळी लाइन डावीकडे, आणि क्वार्टरबॅक चेंडू लपवून उजवीकडे फिरतो. त्याच्यासमोर तीन पायऱ्या दिसायला हव्यात : तीन ते पाच यार्डांवर फ्लॅटमध्ये (कडेच्या जवळच्या भागात) टाइट एन्ड, दहा-बारा यार्डांवर दुसऱ्या बाजूने आडवा येणारा रिसीव्हर, आणि त्याच्याही पलीकडे एक खोल रूट (रिसीव्हरचा ठरलेला मार्ग). तिघंही एकाच दृष्टीत, वाचन सोपं. टाइट एन्ड ल्यूक लाची परत येतोय ही म्हणूनच मोठी बातमी. दुसरा टाइट एन्ड एरिक ऑल मात्र ड्राफ्टला (व्यावसायिक संघांच्या निवडीला) निघालाय.

यात हुकणारी गोष्ट एकच. रनकडून फिरून येताना क्वार्टरबॅकची पाठ डिफेन्सकडे असते. मागचा डिफेन्सिव्ह एन्ड रनला भुलला नाही तर तो थेट तोंडावर येतो. त्याला भुलवायला आधी रन चालला पाहिजे, आणि क्वार्टरबॅकने रनच्या वेळीही दरवेळी फिरून पळण्याचं सोंग मनापासून केलं पाहिजे. २०२३ चे सामने परत बघा. चेंडू दिल्यावर क्वार्टरबॅक तिथेच उभा राहून बघत बसायचा. एन्डला कशाची भीती वाटणार? लेस्टर यांनी ही एक सवय बदलली तरी मला समाधान वाटेल.

---

काळा_सोनेरी | १२ फेब्रुवारी २०२४

चर्चा छान चाललीय. मोजायच्या गोष्टी एकत्र करतो, म्हणजे हंगामानंतर इथेच ताळा करता येईल. यशस्वी प्लेची रूढ व्याख्या धरू : पहिल्या डाऊनला लागणाऱ्या यार्डांच्या निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. त्यावर पहिल्या डाऊनचं यश बघायचं. मग २० यार्डांपुढचे प्ले, स्नॅपच्या वेळचं मोशन, आणि चांगल्या डिफेन्ससमोर ऑफेन्सने केलेले गुण. पहिले तीन पूर्ण ओसीच्या हातात. चौथ्यात खेळाडूंचा दर्जाही येतो.

---

मध्यपश्चिम | २२ एप्रिल २०२४

एक बातमी धाग्याशी थेट संबंधित. या हंगामापासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येणार. प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले किंवा स्नॅप झाला की आवाज बंद. नव्या ओसीला याचा सर्वांत जास्त फायदा, कारण हातवारे आणि फलक पाठ करवण्यात सराव घालवावे लागणार नाहीत. पण कॉल लवकर गेला तरच. २५ सेकंद उरलेले असताना क्वार्टरबॅकच्या कानात नाव पडलं तर पुढचे दहा सेकंद लेस्टर त्याला डिफेन्सबद्दल आठवण करून देऊ शकतात. मॅकनमारा अनुभवी आहे, त्याला हे मानवेल.

---

काळा_सोनेरी | १४ जानेवारी २०२५

धागा वर काढतोय. हंगाम संपला, ८-५. १३ सामन्यांत ३६० गुण, सरासरी २७.७. मागच्या वर्षीपेक्षा १२ गुणांनी जास्त, एका वर्षात. इलिनॉय स्टेट ४०, वॉशिंग्टन ४०, नॉर्थवेस्टर्न ४०, विस्कॉन्सिन ४२. पण ओहायो स्टेटसमोर ७, नेब्रास्कासमोर १३, यूसीएलएसमोर १७.

---

झोन_ब्लॉक | १४ जानेवारी २०२५

रनबद्दल लेस्टर यांना पैकीच्या पैकी. रनिंग बॅक केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड, २१ रशिंग टचडाऊन. शॉन ग्रीनचा २००८ चा २० चा विद्यापीठाचा विक्रम मोडला. विस्कॉन्सिनविरुद्ध संघाचे ३२९ यार्ड जमिनीवर. तो सामना परत बघा आणि फक्त लाइनबॅकरकडे बघा. मोशनमुळे ते स्नॅपलाच चुकीच्या पायावर दिसतात, आणि जॉन्सन त्याच वेळी कट करून मागच्या बाजूने निघालेला असतो. तीच लाइन, तोच रन, समोरचं चित्र वेगळं.

---

चौथा_डाऊन | १५ जानेवारी २०२५

रनचं कौतुक मीही करतो. पण पासिंग अजून देशात तळाजवळच आहे. एकाही रिसीव्हरचे ५०० यार्ड झाले नाहीत. आयोवा स्टेटविरुद्ध मध्यंतराला १३-० पुढे, आणि २०-१९ ने हरलो. त्या सामन्यात मॅकनमाराचे पास शंभर यार्डांच्या आत आणि दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). दुसऱ्या अर्धात त्यांनी रन आवळला तेव्हा आपल्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. शिवाय ३६० मध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्धचा केडन वेटजेनचा पंट रिटर्न टचडाऊनही आला. आपणच ठरवलं होतं की ते गुण धरायचे नाहीत.

---

बूटलेग | १५ जानेवारी २०२५

आकड्याबद्दल बरोबर, पण कारण वेगळं करा. मॅकनमारा, ब्रेंडन सलिव्हन, जॅक्सन स्ट्रॅटन, तीन क्वार्टरबॅक खेळले. सलिव्हन आल्यावर बूटलेग आणि क्वार्टरबॅकचे रन लगेच वाढले, कारण तो पळू शकतो. प्लेबुक तेच होतं. मॅकनमारा असताना त्याची पानं उघडताच येत नव्हती. पाय मोकळे असलेला क्वार्टरबॅक ही या पद्धतीची गरज आहे, चैन नाही. स्ट्रॅटनने मेरीलँडविरुद्ध २९-१३ जिंकून दिलं, पण तिथेही जॉन्सनच्या १६४ यार्डांचा आधार होता.

माझी तक्रार तिसऱ्या डाऊनची. सहा-सात यार्ड हवे असताना चार यार्डांचे रूट फार दिसले. रिसीव्हरने आधी खुणेच्या पलीकडे जाऊन मग वळायचं, ही शिकवायची गोष्ट आहे आणि ती कोचांकडेच येते.

---

नवखी_प्रेक्षक | १६ जानेवारी २०२५

मग नवा क्वार्टरबॅक मार्क ग्रोनोव्स्की आल्यावर २०२५ मध्ये अपेक्षा वाढवायच्या का?

---

मध्यपश्चिम | १६ जानेवारी २०२५

वाढवायच्या, पण योग्य जागी. साउथ डकोटा स्टेटला त्याने २०२२ आणि २०२३ चं एफसीएस (महाविद्यालयीन फुटबॉलची दुसरी पातळी) विजेतेपद मिळवून दिलं, २०२३ चा वॉल्टर पेटन पुरस्कारही (त्या पातळीवरच्या सर्वोत्तम ऑफेन्स खेळाडूचा) त्याचाच. पाय चांगले आहेत, म्हणजे बूटलेगची पानं पहिल्या आठवड्यापासून उघडी. पण जॉन्सन व्यावसायिक फुटबॉलला निघाला. त्याच्याशिवाय पहिल्या डाऊनला चार-पाच यार्ड मिळत राहिले तर समजा रनची पद्धत ओसीची आहे, एका खेळाडूची नाही. पहिले तीन सामने फक्त हे बघा. पासच्या यार्डांची मागणी ऑक्टोबरनंतर करू, कारण नव्या क्वार्टरबॅकची आणि रिसीव्हरची वेळ सरावात जुळत नाही, सामन्यांत जुळते.

---

चौथा_डाऊन | १७ जानेवारी २०२५

मला चालेल. फक्त एक जोडा : आघाडीवर असताना, चौथा डाऊन, एक यार्ड, चेंडू मध्यरेषेपलीकडे. अशा वेळी ग्रोनोव्स्की मैदानात राहतो की पंटर येतो, हेही लिहून ठेवा. तो निर्णय कर्क यांचा असतो, लेस्टर यांच्या खात्यावर टाकू नका.

---

काळा_सोनेरी | १७ जानेवारी २०२५

नोंदलं. ऑगस्टमध्ये नवा धागा काढतो. मोजायच्या चार गोष्टी त्याच, पाचवी चौथ्या डाऊनची, आणि पंट रिटर्नचे गुण वजा.